पोटांतील बुरशी आणि पिंपरीचें औषध

बुरशी हा शब्द उच्चारतांच मुंबईच्या उपनगरांतील गृहिणीला पावसाळा आठवतो. आषाढ लागला कीं मुलुंडच्या तळमजल्यावरील खोलींत भिंतीवर काळे ठिपके उमटतात, बोरिवलीच्या कपाटांतील चामड्याच्या चपलेवर हिरवट लव चढते, आणि चार दिवस उघडा राहिलेला पाव निळा पडतो. पुसून काढावयाची, उन्हांत घालून मारावयाची, फेकून द्यावयाची वस्तु, एवढीच बुरशीची ओळख घराघरांत आहे. याच कुळांतील कांहीं मंडळी माणसाच्या आंतड्यांत जन्मभर वस्तीला असतात, हें ऐकून पुष्कळ श्रोत्यांना किळस येईल. परंतु किळस क्षणभर बाजूस ठेवून या वस्तीकडे पाहणें अगत्याचें आहे. ती एरवीं निमूट असते; आणि ती केव्हां उठते, हें पुष्कळदां औषधाच्या दुकानांत ठरतें.

बुरशीचें कुळ फार विस्तृत आहे. अळंबी त्यांतलीच, भिंतीवरचा काळा डाग त्यांतलाच, आणि ज्याला यीस्ट म्हणतात तें एकपेशी किण्वही त्यांतलेंच. यीस्टशीं या उपनगरांचा घरोबा जुना आहे. मरोळ, आंबोली, गोराई येथील ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत सणावारीं होणाऱ्या फुगिया ताडी घालून फुगवण्याची चाल होती. गोव्याच्या पोदेरांनींही पावासाठीं ताडीचाच आश्रय केला. ताडीला फेस आणणारें जें मुख्य किण्व, त्याचें शास्त्रीय नांव सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी. कारखान्यांत तयार होऊन वडापावाच्या पावांत जातें तेंही हेंच. घाटकोपरच्या पदपथावर मिळणारी इडली घेतली, तर तिच्या पिठांत आंबवण्याचें मुख्य काम जंतु करतात, तथापि यीस्टही त्यांच्या जोडीला असतें. जिलबीच्या पिठाचीही तीच गोष्ट.

अर्थात् पाव भाजतांना त्यांतील यीस्ट मरतें. पण मेलें तरी त्याच्या अनुवंशद्रव्याच्या खुणा अन्नाबरोबर खालीं जातात आणि शौचाच्या तपासणींत सांपडतात. त्यामुळें एक पेंच उत्पन्न झाला : तपासणींत आढळलेली बुरशी आंतड्यांत नांदणारी, कीं नुसती वाटसरू? अमेरिकेंत याचा छडा लावण्यासाठीं निरोगी माणसांवर एक साधा प्रयोग झाला, तो २०१८ मध्यें प्रसिद्ध आहे. त्यांना यीस्टविरहित अन्न दिलें, तेव्हां शौचांतील सॅकॅरोमायसिस जवळजवळ नाहींसें झालें. दांत अधिक वेळां घासावयास लावले, तेव्हां कॅन्डिडा नांवाच्या बुरशीचें प्रमाण घटलें. म्हणजे पहिली ताटांतून उतरत होती आणि दुसरी तोंडांतून. आंतड्यांत सांपडलेल्या प्रत्येक बुरशीला तेथील रहिवासी समजून तिच्यावर रोगाचा आरोप करणें किती उतावळेपणाचें आहे, हें यावरून दिसून येईल.

खऱ्या रहिवाशांत कॅन्डिडा आल्बिकन्सचें नांव अग्रभागीं येतें. पुष्कळ निरोगी माणसांच्या तोंडांत व आंतड्यांत ती मुक्कामाला असते. आंतड्यांतील जंतूंच्या मानानें सगळ्या बुरशींची मिळून संख्या हजारांत एकाहूनही कमी भरते. मात्र बुरशीची पेशी जंतूच्या पेशीपेक्षां कितीतरी मोठी असल्यामुळें संख्येवरून तिचें वजन ठरवूं नये. तिच्या नांवाचीही मौज आहे. प्राचीन रोमांत निवडणुकीस उभे राहणारे लोक जो पांढराशुभ्र झगा घालीत, त्याच्या नांवावरून कॅन्डिडा हा शब्द घेतला आहे. आल्बिकन्सचा अर्थही पांढरें होणारी असाच. धवला हें नांव दोनदां ठेवल्यासारखें झालें. १८३९ मध्यें जर्मन शस्त्रवैद्य लांगेनबेक यांना ज्वरानें मेलेल्या एका रोग्याच्या अन्ननलिकेंत ही बुरशी दिसली, आणि त्या ज्वराचें कारण हीच असावी असा त्यांचा ग्रह झाला. वस्तुतः माणूस ज्वरानें जर्जर झाला होता म्हणून बुरशी माजली होती. कारण कोणतें आणि परिणाम कोणता, याविषयींचा हा घोटाळा या विषयाच्या मुळापासूनच चालत आला आहे, आणि आजही तो संपलेला नाहीं.

मग ही बुरशी एरवीं गप्प कां बसते? तिला आवरणाऱ्या तीन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे आंतड्यांतील जंतूंची दाट वस्ती. हे जंतु जागा अडवून बसतात, अन्न खाऊन टाकतात, आणि तंतुमय पदार्थ आंबवून अशीं आम्लें तयार करतात, कीं ज्यांत कॅन्डिडाला वाढणें जड जातें. दुसरी आंतड्याची भिंत. तिसरी रक्तांतील पांढऱ्या पेशी व आंतड्यांत पाझरणारीं संरक्षक द्रव्यें. कॅन्डिडाचीं रूपें दोन : एक गोल, यीस्टसारखें, शांत, दुसरें लांब धाग्याचें, घुसखोर. धाग्याच्या रूपांत ती एक विष सोडते व त्यानें भिंतीच्या पेशींना भोकें पाडते. या विषाचा शोध अगदीं अलीकडे, २०१६ मध्यें लागला, आणि त्याला कॅन्डिडालायसिन असें नांव मिळालें. शरीराचीं संरक्षक द्रव्यें मुख्यतः या धाग्याच्या रूपावरच नेम धरतात, असें नंतरच्या संशोधनांत दिसलें आहे. गोल रूपाशीं त्यांचें फारसें वैर नाहीं. उलट, या निमूट बुरशीच्या सहवासानें पांढऱ्या पेशींना एक प्रकारची तालीम मिळते, व ती पुढें दुसऱ्या शत्रूंविरुद्ध उपयोगी पडते, असें उंदरांवरील प्रयोग सुचवतात. तेव्हां सरसकट तिचें उच्चाटन करावें असें शहाणा वैद्य म्हणणार नाहीं.

पण संख्या बेसुमार झाली तर निरोगी आंतड्याची भिंतही पुरी पडत नाहीं. १९६९ मध्यें जर्मनींतील क्राउझे नांवाच्या संशोधकानें कॅन्डिडाच्या सुमारें एक लक्ष कोटि पेशी स्वतः पिऊन पाहिल्या. कांहीं तासांतच त्याला हुडहुडी भरली, ताप चढला, डोकें दुखूं लागलें. आणि त्याच्या रक्तांत व लघवींत जिवंत कॅन्डिडा सांपडली. आंतड्यांतून रक्तांत जाण्याची वाट आहे, हें त्यानें स्वतःच्या देहावर सिद्ध केलें. तो बरा झाला, ही समाधानाची गोष्ट. परंतु असलें धाडस आज कोणतीही वैद्यकीय संस्था करूं देणार नाहीं.

येथून ही कथा महाराष्ट्रांत येते. पुण्याजवळ पिंपरी येथें हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्यें स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचें त्याला साह्य होतें. १९५५ पासून तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. पेनिसिलिन हें स्वतः एका बुरशीचेंच अपत्य. भिंतीवर डाग पाडणाऱ्या कुळानें माणसाला दिलेलें तें सर्वांत मोठें देणें होय. न्युमोनियानें, विषारी जखमेनें, बाळंतरोगानें मरणारीं माणसें त्यामुळें वांचलीं, आणि देशांत तयार झाल्यामुळें तें साधारण माणसाच्या आवाक्यांत आलें.

तथापि १९४८ च्या सुमारास जीं नवीं, नाना जातींच्या जंतूंना एकदम मारणारीं औषधें परदेशांत बाजारांत आलीं, त्यांच्याबरोबर एक नवी पीडाही आली. रोगाचे जंतु मरत, त्यांच्याबरोबर आंतड्यांतले निरुपद्रवी जंतुही मरत. आणि बुरशीला या औषधांचें कांहींच भय नसल्यामुळें मोकळ्या पडलेल्या जागेंत ती फोंफावे. रोग्याच्या जिभेवर पांढरा थर येई, स्त्रियांना योनिमार्गांत कंड व स्राव सुरू होई, आणि दुबळ्या रोग्यांत ती रक्तापर्यंत पोंचे. जंतूंवर औषध सांपडलें, पण बुरशीवर नव्हतें. याचें कारणही समजण्याजोगें आहे. जंतूची पेशी माणसाच्या पेशीहून फार निराळी, म्हणून तिला मारणारें व माणसाला न मारणारें विष मिळणें तुलनेनें सोपें. बुरशीची पेशी मात्र माणसाच्या पेशीची दूरची भावंडच. तिला लागणारें विष माणसालाही लागण्याचा धोका.

हा पेंच प्रथम दोन अमेरिकन स्त्रियांनीं सोडवला. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरांत मातीचे नमुने तपासीत आणि रेचल ब्राउन ऑल्बनी येथें त्यांतील रसायन वेगळें करीत. दोघींमध्यें बाटल्यांची येजा टपालानें चाले. व्हर्जिनियांतील एका परिचितांच्या शेतांतील मातींत त्यांना हवा तो जीव सांपडला, आणि १९५० मध्यें त्यांनीं आपलें औषध जाहीर केलें. न्यूयॉर्क राज्याच्या नांवावरून त्याला निस्टॅटिन असें म्हणूं लागले. बुरशीच्या पेशीच्या पापुद्र्यांत एर्गोस्टेरॉल नांवाचें स्निग्ध द्रव्य असतें, माणसाच्या पापुद्र्यांत त्याऐवजीं कोलेस्टेरॉल. निस्टॅटिन पहिल्याला धरतें आणि पापुद्रा फोडतें. पोटांत घेतलें तर तें रक्तांत जवळजवळ शिरत नाहीं; म्हणजे आंतड्यांतील बुरशीपुरतेंच त्याचें राज्य. त्याच्या विक्रीचे हक्क मिळाले, ते या दोघींनीं स्वतःकडे न ठेवतां शास्त्रीय संशोधनाला देऊन टाकले.

पिंपरीच्या संशोधनशाळेंत त्याच दिशेनें मातीचा शोध चालू होता. तेथील प्रमुख संशोधक एम. जे. तिरुमलाचार हे मूळचे वनस्पतींवरील बुरशींचे अभ्यासक. गव्हावरचा तांबेरा व धान्यावरची काणी हा त्यांचा प्रांत. बुरशीचे स्वभाव ज्यानें शेतांत पाहिले, त्यालाच बुरशीचा शत्रु ओळखतां यावा यांत नवल नाहीं. त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना मातींत एक नवा सूक्ष्म जीव मिळाला. पिंपरी गांवाच्या नांवावरून त्याला स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असें नांव दिलें गेलें. त्यापासून निघालेलें बुरशीनाशक औषध १९६१ मध्यें प्रसिद्ध झालें, आणि हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सच्या आद्याक्षरांवरून त्याला हॅमायसिन हें नांव पडलें. निस्टॅटिनच्याच गोत्रांतलें हें औषध. मुलांच्या तोंडांतील पांढरी बुरशी व स्त्रियांचे कॅन्डिडाजन्य विकार यांवर तें वापरांत आलें. पुढें याच शाळेंतून पिकांवरील बुरशीसाठीं ऑरिओफंजिनही निघालें. ज्या कारखान्यानें जंतूंचा नाश करणारें औषध घराघरांत पोंचवलें, त्यानेंच त्या औषधांमागून येणाऱ्या बुरशीवर उतारा शोधला, ही गोष्ट मराठी माणसाला विशेष ठाऊक नाहीं. पिंपरीचें नांव पेनिसिलिनसाठीं घेतलें जातें. हॅमायसिनसाठींही तें घेतलें गेलें पाहिजे.

असें उतारे सांपडले म्हणून धोका टळला असें मात्र झालें नाहीं. अतिदक्षता विभागांत खिळलेला रोगी पाहा. अनेक अँटिबायॉटिक्स चालू, शिरेंत नळी, शस्त्रक्रियेनें पोटाची भिंत दुखावलेली, अन्न तोंडानें नाहीं. वर सांगितलेल्या तिन्ही रखवाल्या एकाच वेळीं उठलेल्या असतात. भारतांतील २७ अतिदक्षता विभागांत रक्तांत कॅन्डिडा सांपडलेल्या १,४०० रोग्यांचा अभ्यास २०१५ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत सर्वाधिक आढळ आल्बिकन्सचा नव्हता, तिची बहीण ट्रॉपिकॅलिस हिचा होता. पाश्चात्य पुस्तकांवर विसंबून येथें उपचार करतां येत नाहींत तो यासाठीं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांनाही हाच धोका असतो. २०२२ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें घातक बुरशींची पहिली यादी काढली, तींत आल्बिकन्स सर्वांत वरच्या गटांत व ट्रॉपिकॅलिस त्याखालच्या गटांत आहे.

२०२१ च्या उन्हाळ्यांत महाराष्ट्रानें काळ्या बुरशीचा जो कहर पाहिला, तो निराळ्या जातीच्या बुरशीचा होता आणि तिचा मार्ग मुख्यतः नाकांतून डोळ्यांकडे जाणारा. क्वचित् ती पोटांतही उतरली. पण धडा तोच होता. बुरशी हवेंत पूर्वींही होतीच. न आवरलेला मधुमेह आणि स्टिरॉइडांचा सढळ वापर यांनीं तिला दार उघडून दिलें.

निरोगी माणसाच्या आंतड्यांतील बुरशीनें क्वचित् चमत्कारिक खेळही केले आहेत. अमेरिकेंत टेक्सास येथें ६१ वर्षांचा एक गृहस्थ दारूला न शिवतां झिंगलेला आढळे. घरांत चोरून पितो असाच सर्वांचा समज. अखेर डॉक्टरांनीं त्याला सामानाची झडती घेऊन दिवसभर खोलींत ठेवलें, पिष्टमय अन्न खाऊं घातलें, आणि त्याच्या रक्तांत मद्यार्क चढतांना पाहिला. त्याच्या पोटांत यीस्टनें भट्टी लावली होती. ही हकीकत २०१३ मध्यें प्रसिद्ध झाली. त्रासाचा आरंभ शस्त्रक्रियेनंतर घेतलेल्या अँटिबायॉटिक्सपासून धरला जातो. अशीं उदाहरणें जगांत मोजकीं आहेत, हेंही सांगितलें पाहिजे, नाहींतर नको त्यांना ही सबब सांपडावयाची.

बुरशीचा दुसराही पक्ष आहे. १९२० नंतरच्या कांहीं वर्षांत आँरी बुलार हा फ्रेंच संशोधक इंडोचीनमध्यें असतांना तेथें पटकीची साथ होती. लिची व मँगोस्टीन या फळांच्या सालींचा काढा घेणाऱ्या लोकांना जुलाबाचा त्रास कमी होतो असें त्याला आढळलें, आणि त्या सालींवरून त्यानें एक यीस्ट वेगळें केलें. तेंच आज सॅकॅरोमायसिस बुलार्डी या नांवानें पुडींतून मिळतें. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कोणत्याही औषधाच्या दुकानांत अँटिबायॉटिकच्या जोडीला लिहून दिलेली ती पुडी दिसेल. जंतूंना मारणारें औषध यीस्टला मारीत नाहीं, म्हणून हा जोडीदार टिकतो. अँटिबायॉटिकमुळें होणारे जुलाब त्यानें कांहीं अंशीं कमी होतात याला बरा पुरावा आहे. तथापि तीही शेवटीं जिवंत बुरशी. गळ्याजवळच्या मोठ्या शिरेंत नळी असलेल्या रोग्यांच्या रक्तांत ती शिरल्याचीं उदाहरणें घडलीं, आणि २०१७ मध्यें युरोपच्या औषध-नियामक संस्थेनें अत्यवस्थ व क्षीणप्रतिकार रोग्यांना ती देऊं नये असें बजावलें. पुडी निरुपद्रवी दिसते म्हणून शेजारच्या आजारी आजोबांना देऊन पाहूं नये.

आंतड्याच्या जुनाट सुजेचा क्रोन्स नांवाचा जो रोग आहे, त्याच्या पुष्कळ रोग्यांच्या रक्तांत पावाच्या यीस्टविरुद्ध प्रतिद्रव्यें असतात, हें १९८८ पासून माहीत आहे. चीझमध्यें असणारी डेबॅरियोमायसिस ही बुरशी अशा रोग्यांच्या आंतड्यांतील जखमांत घर करून त्या भरूं देत नाहीं, असेंही २०२१ मध्यें दिसून आलें. हें संशोधन मोलाचें आहे. पण पाव सोडल्यानें वा चीझ सोडल्यानें हा रोग बरा होतो, असा त्याचा अर्थ नव्हे.

असले अर्थ काढणाऱ्यांची मात्र वाण नाहीं. १९८३ मध्यें विल्यम क्रुक या अमेरिकन डॉक्टरानें एक पुस्तक लिहून थकवा, डोकेदुखी, उदासपणा, पोट फुगणें या सगळ्यांच्या मागें कॅन्डिडा असल्याचें सांगितलें, व साखर आणि यीस्ट वर्ज्य करावयास लावलें. पुस्तक अतोनात खपलें. १९९० मध्यें अशा तक्रारी असलेल्या ४२ स्त्रियांवर नीट चाचणी झाली : त्यांना आळीपाळीनें निस्टॅटिन व औषध नसलेल्या गोळ्या दिल्या, कोणती केव्हां हें त्यांना ठाऊक नव्हतें. योनिमार्गाचा त्रास औषधानें कमी झाला; थकवा, उदासपणा इत्यादि तक्रारी औषध नसलेल्या गोळ्यांनींही तितक्याच कमी झाल्या. एवढें होऊनही पोट फुगलें कीं कॅन्डिडा झाली म्हणणारे सल्लागार उपनगरांतून आजही भेटतात. लांगेनबेकनें निदान रोग्याचा घसा तरी पाहिला होता.

खरी काळजी करावयाची ती स्वयंपाकघरांतील त्या डब्याची, ज्यांत मागच्या आजारांतल्या उरलेल्या गोळ्या जपून ठेवलेल्या असतात. पावसाळ्यांत मुलाला सर्दी होते. ती बहुधा विषाणूंची, अँटिबायॉटिकला न जुमानणारी. पण लोकलच्या धांवपळींत डॉक्टरांकडे जाण्यास वेळ नाहीं, म्हणून डब्यांतील चार गोळ्या दिल्या जातात. सर्दी आपल्या गतीनें चार दिवसांत जाते, श्रेय गोळीला मिळतें, आणि आंतड्यांतील रखवाली मात्र विनाकारण उठते. विषमज्वरांत किंवा न्युमोनियांत डॉक्टरांनीं दिलेलें अँटिबायॉटिक बुरशीच्या भयानें टाळणें हा मूर्खपणाच होईल. निरोगी प्रकृतीच्या माणसाची वस्ती पुष्कळशी पुन्हां बसते. १ मार्च २०१४ पासून अंमलांत आलेल्या नियमानें ४६ औषधें, त्यांत कांहीं प्रबळ अँटिबायॉटिक्स, निराळ्या वर्गांत घातलीं आहेत. तीं विकतांना दुकानदारानें डॉक्टरचें व रोग्याचें नांव वहींत लिहावयाचें आणि ती वही तीन वर्षें ठेवावयाची. दुकानावर वही असली तरी घरांतल्या डब्यावर नसते.

तान्ह्या बाळाच्या जिभेवर व गालांच्या आंतल्या बाजूस दह्यासारखा पांढरा थर दिसला, आणि तो ओल्या कापडानें हलकेच पुसूनही गेला नाहीं, तर तें दूध नव्हे. आईनें किंवा बाळानें नुकतेंच अँटिबायॉटिक घेतलें असेल तर तसें डॉक्टरांना अवश्य सांगावें. उपचार सोपा आहे : बुरशीनाशक औषध दूध पाजून झाल्यावर तोंडाच्या आंत लावावें लागतें, म्हणजे तें दुधाबरोबर धुतलें जात नाहीं. मात्र थर दिसेनासा झाला म्हणून औषध लगेच थांबवूं नये. आणि बाळाबरोबर आईच्या स्तनाग्रांनाही डॉक्टरांच्या सल्ल्यानें औषध लावावें, कारण एकाचेंच तोंड साफ केलें तर ती बुरशी दोघांमध्यें परत परत फिरत राहते.